एकशे नव्वदच्या वर

३ मार्च, जेवणाच्या सुट्टीत

दादा,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू ते न फोडता ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस. मीही तेच केलं असतं. शेवटी एकाच आईची लेकरं आपण.

फोन केला नाही, कारण फोनवर तू दोन शब्द बोलतोस आणि ठेवून देतोस. नऊ वर्षांत ती सवय सुटली असेल असं वाटत नाही.

काम एवढंच आहे की रक्त तपासून घे. कोलेस्टेरॉलसाठी. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी उठून लॅबमध्ये जायचं, बाही वर करायची, दहा मिनिटांत मोकळा. रिपोर्टमध्ये 'एलडीएल' असं लिहिलेलं असतं, त्याच्यापुढचा आकडा बघायचा. बाकीचे आकडे बघून घाबरायचं किंवा खूश व्हायचं कारण नाही.

आता मध्येच हिला हे काय सुचलं, असं म्हणशील. बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले आणि उठलेच नाहीत. चव्वेचाळीस वर्षांचे होते. तू सतरा, मी अकरा. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पापण्यांवर पिवळट उंचवटे होते, ते आठवतात? आपण त्याला मेण म्हणायचो आणि बाबा झोपेत असताना ते खरवडायला जायचो. परवा तुझ्या लेकीने टाकलेला फोटो पाहिला. तू गाडीला टेकून उभा आहेस, ऐटीत, पोट आत ओढून. फोटो मोठा करून बघितला. दादा, तुझ्याही पापण्यांवर मेण आहे. ते कोलेस्टेरॉल असतं. घराण्यातून येतं.

हे मला कसं माहीत, तर मी सहा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात बसते, खिडकी नंबर तीन. महागड्या औषधांचा खर्च पेशंटला समजावून सांगायचा, हे माझं काम. विमा किती देणार, औषध कंपनी किती सोडणार, घरच्यांच्या खिशातून किती जाणार. औषधं मी देत नाही, फक्त त्यांच्या किमतीची बातमी देते.

मला स्वतःला काही झालेलं नाही. उगाच अर्थ काढत बसू नकोस. रिपोर्ट आला की एक प्रत मला पाठव, म्हणजे मी इथल्या डॉक्टरांना दाखवीन. पत्ता मागच्या बाजूला आहे.

तुझी धाकटी बहीण


१९ मार्च, सकाळी, कामावर निघण्यापूर्वी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पावतीच्या पाठीवर दोन वाक्यं. "मी ठणठणीत आहे. तुला काय हवंय ते सांग." नऊ वर्षांनी लिहायला कोरा कागदसुद्धा मिळाला नाही का तुला? पण दुसरं वाक्य बरोबर आहे. मला हवंय काहीतरी.

हे लिहायला चार दिवस लागले. लिहायला बसते, उठते, नळ बंद आहे का बघून येते, परत बसते. काल तर पाकीट बंद करून पत्रपेटीपर्यंत गेले आणि कोपऱ्यावरून परत आले. त्यात सगळं खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिते.

तपासणी माझी झाली आहे. दीड वर्षापूर्वी. एलडीएल दोनशे एक्क्याऐंशी. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवून विचारलं, "हे तुमचंच रक्त आहे ना?" गोळ्या सुरू झाल्या. डोस वाढवत वाढवत सगळ्यात मोठ्यावर गेलो आणि आकडा एकशे शहात्तरच्या खाली उतरायला तयार नाही. पायात असे गोळे येतात की जिना चढताना कठडा धरावा लागतो, आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्या मला ओलांडून जातात. मागच्या वर्षी मी बाबांपेक्षा वयाने मोठी झाले. त्या दिवसापासून बुटाची नाडी बांधायला मी खाली बसते, वाकत नाही. हस हवं तर.

आता इंजेक्शन हाच उपाय आहे. पेनासारखं असतं. पोटावर किंवा मांडीवर टेकवायचं, बटण दाबायचं, टक् आवाज होतो, संपलं. पंधरा दिवसांतून एकदा, पण जन्मभर. वर्षाचा खर्च म्हणजे माझा सात महिन्यांचा पगार. उरलेल्या पाच महिन्यांच्या पगारात घरभाडं, वीज, खाणं आणि जगण्याचा आनंद.

आमच्या नोकरीच्या विम्यात मंजूर झालं तर मला फक्त दहावा हिस्सा भरावा लागेल. मंजुरीला दोन दरवाजे आहेत. पहिला, हृदयाचा झटका एकदा येऊन गेलेला असावा. म्हणजे आधी मरून दाखवा, मग वाचवू. दुसरा, हा रोग घराण्यातून आल्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल, यांच्यापैकी एकाचा रिपोर्ट. काका-मामाचा चालत नाही. आई-बाबांचे कागद नाहीत. मूल मला नाही. नवराही नाही, म्हणजे तो आहे, पण दुसरीकडे आहे. उरलास तू.

आणि तुझा एलडीएल एकशे नव्वदच्या वर हवा. नीट वाच, वर. एकशे एकोणनव्वद आला तर त्या कागदाचा बोळा करून टाक, मला पाठवू नकोस, माझ्या काही उपयोगाचा नाही. अर्जाची मुदत एकतीस मे.

आता सगळ्यात वाईट गोष्ट. रोज सकाळी केस विंचरताना माझ्या मनात येतं, दादाचा आकडा खराब येऊ दे. सख्ख्या भावाच्या रक्तात विष निघावं असं मागणारी बहीण तू पाहिली नसशील. पाहा.

ठमी


४ एप्रिल, दुपारी

दादा,

सोळा दिवस झाले. टपाल हरवत असेल म्हणून मी टपालखात्याला चार शिव्या दिल्या, मग लक्षात आलं की शिव्यांचा पत्ता चुकतोय.

नको असेल तर 'नाही' लिही. तीन अक्षरंसुद्धा नाहीत, दोनच आहेत. मी दिवसातून चार वेळा खाली जाऊन टपालाचा डबा उघडते. शेजारीण म्हणाली, "कुणाचं प्रेमपत्र येणार आहे का?" म्हटलं, "हो, रक्ताचं."

आज खिडकीवर एक नवरा-बायको आले. बाईंना झटका येऊन गेलेला, म्हणजे पहिल्या दरवाजाचे मानकरी. त्या चाकाच्या खुर्चीत, नवऱ्याच्या मागे. नवऱ्याने विचारलं, "मॅडम, एकूण किती होईल?" मी नेहमीप्रमाणे आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि काचेखालून सरकवला. मी आकडा तोंडाने कधीच सांगत नाही. खिडकी दोनवर बसणारे काका मला यावरून चिडवतात. "तुम्ही औषधाची किंमत सांगता का परीक्षेत कॉपी पुरवता?" त्यांना मी कधी कारण सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही.

तरी सांगते, कारण आपण दोघं त्याबद्दल एकदाही बोललेलो नाही. मी फक्त ओरडले होते.

आईला शेवटी हॉस्पिटलात नेलं तेव्हा तू काउंटरवर हेच विचारलंस. "एकूण किती होईल?" तिथल्या माणसाने खणखणीत आवाजात आकडा सांगितला. आई मागे खुर्चीत होती. तिने ऐकलं. तिने शालीचं टोक नीट केलं आणि म्हणाली, "चला, घरी चला. मला बरं वाटतंय." अकरा दिवसांनी ती गेली. आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला म्हणाले की तू पैसे वाचवलेस, आई नाही. तू काहीच बोलला नाहीस. चप्पल घालून बाहेर गेलास. वहिनी तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

सहा वर्षं त्या काचेमागे बसून मला एवढं कळलं आहे की किंमत सगळेच विचारतात. ज्यांचा जीव तुटत असतो तेही विचारतात, तेच आधी विचारतात. न विचारणारे एकतर फार श्रीमंत असतात किंवा परत येणार नसतात. हे मला नऊ वर्षांपूर्वी कळलं असतं तर, असं लिहिणार होते. पण ते अर्धवट खरं आहे, म्हणून लिहीत नाही.

ठमी


१० एप्रिल

दादा,

"सहा आठवडे थांब. मेच्या मध्याला रिपोर्ट पाठवतो. तू ओरडू नकोस."

ओरडू नको म्हणतोस आणि ओरडायला लावतोस! दहा मिनिटांच्या कामाला सहा आठवडे? कुठलं तरी फुकट तपासणी शिबिर येणार असेल, त्याची वाट बघत असशील. ओळखते मी तुला. गाडी उतारावर बंद करून पेट्रोल वाचवणारा माणूस तू. लॅबचे पैसे मी पाठवू का? की सुट्टे पाठवू?

बरं, भांडत नाही. पाठवतो म्हणालास, एवढं पुरे आहे. तुझं पत्र आल्यावर मी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

तुला आठवतं, तू मला गाडी शिकवायला घेतली होतीस? तिसऱ्या दिवशी मी फाटकाला धडकवली आणि तू बाबांसारखा आवाज काढून म्हणालास, "फाटक मध्ये आलं, तुझी चूक नाही." मी अजून गाडी चालवत नाही. बसने जाते. तुझ्या शाळेतली मी एकमेव नापास विद्यार्थिनी असेन.

मुदत एकतीस मे आहे, हे परत लिहिते. आणि एकशे नव्वदच्या वर. हे परत लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

काल खिडकीवर एकजण भांडायला आला. इंजेक्शनने त्याचा आकडा छान खाली आला, म्हणून विमा कंपनीने पुढच्या वर्षाची मंजुरी थांबवली. आता तुमचं कोलेस्टेरॉल ठीक आहे, गरज दिसत नाही, म्हणे. काका त्याला म्हणाले, "छत्री होती म्हणून भिजला नाहीत, तर म्हणतात छत्री परत करा." तो माणूस हसला आणि मग काउंटरवर डोकं टेकून बसला. मी त्याला फेरविचाराचा अर्ज भरून दिला. हल्ली मी दुसऱ्यांचे अर्ज भरताना घाई करते. माझं लक्ष सारखं टपालाच्या डब्याकडे असतं, आणि तो डबा तिथून आठ किलोमीटरवर आहे.

ठमी


२४ मे

दादा, दादा, दादा,

दोनशे बासष्ट!

पाकीट जिन्यातच फोडलं. आकडा बघून मी दोन पायऱ्या एकदम चढले, गोळेबिळे काही आले नाहीत. शेजारीण दार उघडून बघायला लागली. तिला म्हटलं, "माझ्या भावाला रोग निघाला!" तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग घरात येऊन बसले आणि कागद मांडीवर घेऊन रडले. मला हवं ते मिळालं आणि ते तुझ्या अंगात निघालं. दोन्ही एकाच वेळी कसं सोसायचं ते मला कळत नाही, मी नुसती घरात फेऱ्या मारते आहे.

अर्ज आजच दिला. काकांनी स्वतः शिक्का मारला आणि म्हणाले, "भाऊ असावा तर असा, वेळेवर आजारी."

आता तू गंमत सोड. दोनशे बासष्ट हा आकडा खिशात घेऊन फिरायचा नसतो. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा आणि गोळ्या सुरू कर. गोळ्या स्वस्त असतात, तुझ्या जिवालाही परवडतील. आणि लेकीचं रक्त तपास. सतरा वर्षांची आहे, लवकर कळलेलं बरं. वहिनीला सांग मी विचारलं म्हणून. नको, सांगू नकोस, ती अजून रागात असेल. सांग.

जूनमध्ये येऊ का? फक्त एक दिवस. तुझ्या घरी नाही उतरले तरी चालेल.

ठमी


२८ मे, दुपारी पावणेतीन, तुझ्या वॉर्डबाहेरच्या बाकावर

दादा,

तू आत झोपला आहेस. काचेतून तुझे पाय दिसतात. भेटायला चार वाजता सोडतात, तोवर मला इथे नुसतं बसवत नाही. तीनदा जिना उतरून वर आले, पाण्याच्या मशीनपाशी दोनदा गेले. म्हणून चौकशीच्या टेबलावरून कागद मागून घेतले आणि लिहिते आहे.

काल वहिनीचा फोन आला. नऊ वर्षांत पहिला. तिने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. "परवा त्यांना झटका आला. स्टेंट टाकलाय. जीव वाचलाय. तुला कळवायला हवं म्हणून कळवते." मी मिळेल ती बस पकडली.

आज सकाळी तिने सगळं सांगितलं. तू पाचव्या धड्याच्या मुलीला शिकवत होतास आणि छातीत कळ आली. त्या मुलीने तोवर गाडी तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा घातली नव्हती. तूच तिला म्हणालास, "आता उजवीकडे वळ. घाबरू नकोस. क्लच हळू सोड. तो पांढरा बोर्ड दिसतो ना, तिथे थांब." तिने तुला हॉस्पिटलच्या दारात आणून सोडलं, हॅण्डब्रेक लावला आणि मग भोकाड पसरलं. ती मुलगी काल येऊन गेली म्हणे. मला तिचे पाय धरायचे आहेत.

मग वहिनी म्हणाली, "गाडीच्या कप्प्यात मला गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. भरलेल्या. एप्रिलपासून एक गोळी घेतली नाही त्यांनी."

मी विचारलं, "कसल्या गोळ्या?"

"कोलेस्टेरॉलच्या. चार वर्षं घेतायत की."

दादा!

चार वर्षं. तुझा आकडा गोळ्यांवर नव्वदच्या आसपास असतो. तू तिला काल शुद्धीवर आल्यावर सांगितलंस, ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "ठमीला एकशे नव्वदच्या वरचा कागद हवा होता. तिने एवढ्या वर्षांनी काहीतरी मागितलं. नव्वदचा कागद कुठल्या तोंडाने पाठवू?"

म्हणजे ते सहा आठवडे. मी तुला फुकट शिबिरावरून टोमणे मारत होते तेव्हा तू माझ्यासाठी रक्त बिघडवत होतास.

आता ऐक. त्या अर्जाच्या मागच्या पानावर तिसरी ओळ आहे. नातेवाईक गोळ्या घेत असेल तर गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट चालतो, तो नसेल तर डॉक्टरांचं पत्र चालतं. तपासणीसाठी गोळ्या बंद करू नयेत. ही ओळ मी आठवड्यातून दहा-बारा लोकांना वाचून दाखवते. बोट ठेवून वाचते. "आजोबा, गोळी बंद करायची नाही बरं का." तुला लिहिली नाही. कारण तू डॉक्टरकडे जात असशील, औषध विकत घेत असशील, स्वतःच्या जिवावर चार पैसे खर्च करत असशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुला कंजूष ठरवून नऊ वर्षं झाली होती. त्या ठरवण्यात नवं काही शिरायला जागाच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी इथल्या डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं. विचारलं, गोळ्या बंद केल्या म्हणूनच झालं का? त्या म्हणाल्या, "तेवढ्यानेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण बंद करायला नको होत्या, हे मात्र छातीठोक." पहिल्या वाक्यावर मी कशी तगते आहे ते मला माहीत.

सव्वातीन

आत्ता खाली जाऊन आले. वहिनी सांगत होती की तुलाही आता तेच इंजेक्शन लिहून दिलंय आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "नको, लेकीची फी आहे."

खाली काउंटरवर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मी सवयीने पर्समधून चिठ्ठी आणि पेन काढलं. मग ते परत ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, याचे एकूण किती होतील?" मोठ्याने. मागच्यांनी ऐकलं, वहिनीने ऐकलं, काहीही झालं नाही. त्या माणसाने सांगितलं. मी म्हटलं, "आणि विमा?" तो म्हणाला, "घरी टोचून घेतलं तर देत नाहीत." मी म्हटलं, "आणि इथे येऊन, एक दिवस दाखल होऊन घेतलं तर?" तो माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, तुम्ही याच धंद्यातल्या का?"

तर असं आहे. वर्षातून दोनदाच घ्यायचं दुसरं एक इंजेक्शन आहे. ते इथेच येऊन घ्यायचं, म्हणजे तुझा विमा बहुतेक भाग देईल. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या चालेल. तुला झटका येऊन गेला आहे, त्यामुळे पुरावा कुणी मागणार नाही. तू पहिल्या दरवाजाने आत आलास. तुझ्या वाट्याला वर्षाला जे उरतं ते दोन शिकाऊ मुलांच्या फीएवढं आहे. मी तीनदा हिशेब केला. लेकीच्या फीला धक्का लागत नाही. तेव्हा भिंतीकडे तोंड करणं बंद.

रांगेत असतानाच माझा मोबाईल वाजला. माझा अर्ज मंजूर. मला हसू आलं, आणि वहिनीने विचारलं काय झालं, तेव्हा मोबाईलच तिच्यापुढे धरला.

पावणेचार

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. चार एप्रिलच्या पत्रात अर्धवट सोडलं होतं.

आईच्या वेळी काउंटरवरच्या माणसाने आकडा सांगितला, तेव्हा तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. आईकडे नाही, माझ्याकडे. एकदाच. मी पर्सची चेन लावत होते. ती लागलेलीच होती, मी उघडून परत लावत होते.

त्या पर्समध्ये माझं पासबुक होतं. नवऱ्याने वेगळं होताना दिलेले पैसे तीन आठवड्यांपूर्वी जमा झाले होते. त्या माणसाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच होते. कुणालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे गेले तर मी रस्त्यावर. मला वाटलं, दादा करील काहीतरी, तो मोठा आहे. मला वाटलं, आई म्हणतेय ना बरं वाटतंय. तेवढ्या वेळात माणसाच्या मनात किती गोष्टी येऊन जातात. आणि मी गप्प बसले. तू आईची खुर्ची वळवलीस, तेव्हा मी दार उघडून धरलं.

मग सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले, कारण मी ओरडले नसते तर कुणीतरी माझ्याकडे वळून विचारलं असतं. तू तेव्हा गप्प का राहिलास? तुला माहीत होतं का? नऊ वर्षं मी याच एका प्रश्नापासून पळते आहे. तुला माहीत नसेल तर आता कळेल. माहीत असेल, आणि तरीही तू माझ्यासाठी गोळ्या बंद केल्या असशील, तर मला तोंड लपवायला जागा नाही.

त्या पैशांतून मी राहते ते घर घेतलं नाही, भाड्याचंच आहे. ते पैसे खात्यात तसेच पडून आहेत. मला त्यांना हात लावता आला नाही. इंजेक्शनसाठी सुद्धा नाही. म्हणून तुझ्याकडे कागद मागितला. तुला 'उरलास तू' असं लिहिलं ते खोटं होतं.

वॉर्डबॉय दार उघडतोय. हे पत्र टपालात टाकणार नाही. आत येऊन तुझ्या हातात देणार आहे. तुझा चष्मा वहिनीकडून मागून घेतलाय. तू वाचत असशील तेव्हा मी समोरच्या स्टुलावर बसेन. पर्स बाहेर वहिनीकडे ठेवली आहे, म्हणजे मला कुठे बघायचं म्हटलं तर तुझ्याकडेच बघावं लागेल. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, तू चिडलास तर चालेल का. त्या म्हणाल्या, थोडं चालेल.

वाचून झालं की मान वर कर.

ठमी